अनुभव धागा : अजिंठ्यातले नियम आणि आपण

अजिंठ्याला जाऊन आलेल्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. फ्लॅश नाही, चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर, भिंतीला हात नाही, आत ठरावीक माणसंच. हे नियम पाळताना, पाळले जाताना किंवा मोडले जाताना तुम्ही काय पाहिलंत? माझं मत आधीच सांगते : नियमामागचं कारण कळलं की बहुतेक माणसं आपणहून ऐकतात. पाटीवर नुसतं ‘मनाई आहे’ लिहून भागत नाही.

जळगावहून : सासूबाईंना घेऊन गेलो होतो. खाजगी गाड्या फर्दापूर फाट्यालाच थांबवतात, पुढचे चार किलोमीटर बसने. तिथे बरेच जण कुरकुरत होते. पण धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून ही सोय आहे, हे कळल्यावर आमच्या रांगेतले तरी गप्प झाले. पायऱ्या सासूबाईंना झेपणाऱ्या नव्हत्या, डोली केली. वर पोचल्यावर चपला काढायच्या तर त्यांना वाकवेना. शेजारच्या कॉलेजच्या मुलीने न सांगता बसून पट्टे सोडले.

शिक्षिका, नाशिक : वर्ग घेऊन पहिल्या लेण्यात शिरले आणि मुलं लगेच म्हणाली, “बाई, काहीच दिसत नाही!” दोघातिघांनी मोबाइलचे टॉर्च काढले. तिथले रक्षक दादा ओरडले नाहीत. म्हणाले, “बंद करा आणि गप्प उभे राहा, डोळे सरावू द्या.” थोड्या वेळाने भिंतीवरच्या बोधिसत्त्व पद्मपाणीचा मुकुट दिसायला लागला, मग झुकलेली नजर, मग हातातलं निळं कमळ. मुलं एकमेकांना बोट दाखवून कुजबुजत सांगत होती. टॉर्चच्या झोतात फक्त एक पिवळा ठिपका दिसला असता.

ठाण्याहून : दहाव्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी आपलं नाव कोरलं. ते आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा आत मातीचा भराव होता आणि तो त्यावर उभा होता. गाइड ते कौतुकाने दाखवतात, मला राग येतो. त्याच्यानंतरही किती जणांनी नावं खरवडली आहेत!

पुण्याहून, संवर्धनाचा अभ्यास केलेली : हात का लावायचा नाही? कारण रंग थेट दगडावर नाही. दगडावर माती, भाताचा तूस, गवत, तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, त्यावर चित्र. गिलावा कोरडा झाल्यावर रंगवलेला, त्यामुळे रंग आत मुरलेला नाही. गर्दीच्या श्वासाचा दमटपणा या थराला फुगवतो, तुसाला कीड लागते. चांगल्या हेतूनेही नुकसान होतं : निजामाच्या काळात, १९२० नंतर, इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून शेलॅक (लाखेचं रोगण) लावलं, ते पुढे पिवळं पडलं.

फ्रान्सहून : इथली लास्कोची, आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० साली सापडली आणि १९६३ मध्ये लोकांसाठी बंद झाली. पाहणाऱ्यांच्या श्वासानेच भिंती बिघडत होत्या. मी पाहिली ती प्रतिकृती. सुंदर आहे, पण प्रतिकृतीच. अजिंठ्यात आपण अजून खऱ्या चित्रासमोर उभे राहू शकतो, म्हणून बाहेर थांबायला सांगितलं तर मी आनंदाने थांबेन.

अमरावतीहून : एवढंच सांगते, अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. आमच्यासमोर एक अख्खी बस सोमवारी परत गेली, त्यात लहान मुलं होती. सहल ठरवणाऱ्यांनो, हे आधी बघा.