‘ई’ खूण नसलेले गाणे मुलांना चालेल का?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी स्कूलबसमध्ये ऐकलेली इंग्रजी पॉप गाणी घरी लावते. स्पॉटिफायवर ज्या गाण्याला ‘ई’ (‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे आक्षेपार्ह मजकूर असल्याचा इशारा) ही खूण नसते, ते तिला निर्धास्तपणे ऐकू द्यावे काय?

प्रतिसाद १ : निर्धास्तपणे नको. १९८५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गाण्यांतील शब्दांवरून सुनावणी झाली आणि त्या वादातून तिकडच्या ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी इशारा छापण्याची प्रथा आली; ‘ई’ हे त्याच इशाऱ्याचे ॲपवरचे रूप. मात्र हा इशारा कोणतेही सरकारी मंडळ देत नाही, तो ऐच्छिक असतो, आणि त्याचा रोख मुख्यतः शिव्या, हिंसा, लैंगिक वर्णने व अमली पदार्थ यांच्यावर असल्याने एकही शिवी नसलेले द्व्यर्थी गाणे त्यातून सहज निसटते. ‘क्लीन’ आवृत्तीतही बहुधा शब्दच गाळलेला असतो, आशय तोच राहतो.

प्रतिसाद २ : मला शब्दांपेक्षा व्हिडिओची काळजी अधिक वाटते. यूट्यूबवरचे वयाचे बंधन १८ वर्षांचे असल्यामुळे नऊ आणि पंधरा वर्षांच्या मुलांतला फरक त्यात धरलेलाच नाही. मी व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहतो. कॅमेरा गायिकेच्या चेहऱ्यावर किती वेळ आणि कमरेवर किती वेळ रेंगाळतो, हे मग चटकन लक्षात येते. यूट्यूब किड्सवर केवळ पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दाखवण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी.

प्रतिसाद ३ : इंग्रजी गाण्यांची एवढी चिकित्सा करताना वरातीत डीजेवर वाजणाऱ्या आपल्याच गाण्यांचे शब्दही एकदा वाचून पाहावेत.