आधी सुतार की आधी पीओपीवाला? लवकर सांगा

त्रस्त_गाळेकर:
गाळा ताब्यात आलाय, फरशी बसली. सुतार म्हणतो आधी पीओपी उरका, पीओपीवाला म्हणतो आधी सुताराचं होऊ द्या. दोघंही फिरकत नाहीत, भाडं मात्र चालू झालंय. दसऱ्याला उद्घाटन आहे. फक्त क्रम सांगा, उपदेश नको.

रंधा:
कसला गाळा? केवढा? एसी कुठला?

त्रस्त_गाळेकर:
साधाच हो, ३२० चौरस फूट. स्प्लिट एसी, अजून घेतला नाही.

रंधा:
मग इतक्यात सीलिंग बंद करू नका. आधी वायरिंग, एसीची तांब्याची नळी आणि त्याचा ड्रेन. ड्रेनला उतार हवा, नाहीतर पाणी आतच टपकेल. मग सीलिंग, पुट्टी, प्रायमर, त्यानंतर सुतार. रंगाचा शेवटचा हात सुतार गेल्यावर.

ठाणेकर_काकू:
सीलिंग हवंच कशाला? आमच्याकडे वरच्यांची मोरी गळत होती, सीलिंगमुळे पावसाळाभर कळलंच नाही.

चौकट:
रंधा, असहमत. सुतार आधीच हवा. नव्या रंगावर भुसा बसला की पुन्हा घासत बसा.

रंधा:
म्हणून तर शेवटचा हात नंतर म्हटलं! नीट वाचा की. कपाटं छताला भिडणार असतील तर सीलिंगची पातळी आधी मिळायला नको? आणि पावसात ओलं पीओपी वाळता वाळत नाही, जिप्सम बोर्ड लावा.

ठाणेकर_काकू:
दार पूर्वेला आहे ना?

त्रस्त_गाळेकर:
कपाटं दोनच आहेत. बाकी फक्त खुर्ची.

वायरमन९:
कसली खुर्ची? सलून?

त्रस्त_गाळेकर:
दातांची. डेंटिस्ट आहे मी. लिहिलं नव्हतं का?

वायरमन९:
नाही!! अहो, खुर्चीला पाणी, ड्रेन, कॉम्प्रेसरची हवा, वीज, सगळं जमिनीखालून येतं. फरशीआधी पाइप टाकले का?

त्रस्त_गाळेकर:
खुर्ची शेवटी येणार आहे ना.

वायरमन९:
खुर्ची शेवटी, पाइप आधी. विकणाऱ्याकडून आजच नकाशा मागवा, जोडण्या नेमक्या कुठे येतात ते त्यात असतं. आता एकतर फरशी कापा, नाहीतर खुर्चीखाली चौथरा करून पाइप त्यातून न्या. त्याच लॉटच्या फरशा उरल्यात का? आणि एक्स-रे लावणार असाल तर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, नोंदणीही लागते.

चौकट:
चौथरा नको, पेशंट अडखळतात. कापाच.

ठाणेकर_काकू:
डॉक्टर, अक्कलदाढ काढायचे किती घेता?

त्रस्त_गाळेकर:
फरशा दोनच उरल्यात. नकाशा मागवतो. काकू, दाढेचं नंतर. पण पीओपीवाल्याला सोमवारी बोलावलंय, येऊ दे की नको?

रंधा:
नको!