मदत हवी आहे: फवारणीच्या ब्लोअरच्या नोझलचे थेंब मोजतोय, १० आणि २० बार प्रेशरला आकडा सारखाच येतो

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या लागल्या की घरात एकच वाद, प्रेशर किती ठेवायचं. भाऊ म्हणतो २० बारला मस्त धुकं पडतं. मला वाटतं ते धुकं शेजाऱ्याच्या बागेत पडतं. यंदा मोजायचं ठरवलं.

पाणी लागलं की निळे होणारे पिवळे कागद आणले (चार-पाच तर माझ्या घामट बोटांनीच निळे झाले, हातमोजे घाला). पानांच्या खालून-वरून लावले, टाकीत नुसतं पाणी. ६०० डीपीआयला स्कॅन करून इमेजजे या फोटोवरून मापं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डाग मोजले. निम्मं पाणी ज्याच्याहून लहान थेंबांत असतं तो व्यास, म्हणजे व्हीएमडी, १० बारला ४१२ मायक्रॉन आणि २० बारला ३९५. पोकळ शंकूच्या नोझलला एवढे जाड थेंब? आणि प्रेशर दुप्पट करून फरक एवढाच? २० बारचे काही कागद तर जवळजवळ पूर्ण निळे आहेत. चुकतंय कुठं?

प्रतिसाद:
दादा, तुम्ही थेंब नाही, डाग मोजलेत. थेंब कागदावर पसरतो, डाग साधारण दुप्पट रुंद होतो. त्यामुळे ४०० चा डाग म्हणजे २०० च्या आसपासचा थेंब. लहान थेंब त्यामानाने कमी पसरतो, म्हणून सगळ्यांना सरसकट दोनाने भागू नका.

फरक न दिसण्याचं एक कारण स्कॅनर. ६०० डीपीआयला एक पिक्सेल ४२ मायक्रॉनचा, बारीक डाग त्यात हरवतात. २४०० ला करा. पूर्ण निळे कागद हिशेबातून काढाच. दोन सारखे डाग चिकटले की सॉफ्टवेअर एकच मोठा धरतं आणि व्यासाच्या घनाच्या हिशेबाने पाणी दुपटीऐवजी जवळपास पावणेतीन पट मोजतं. २० बारचा आकडा त्यानेही फुगलाय.

आणि एक. अगदी बारीक थेंब हवेबरोबर कागदाला वळसा घालून निघून जातात. भावाचं धुकं या कागदावर सापडणारच नाही. खरा आकार हवा असेल तर पेट्री डिशमध्ये सिलिकॉन तेल घेऊन त्यात थेंब धरा, पसरत नाहीत, लगेच मायक्रोस्कोपखाली फोटो काढा.

धागाकर्ता:
१० बारचे कागद २४०० ला परत टाकले, आधी न दिसलेले ढीगभर ठिपके निघाले. २० बारचे धड चारच उरलेत. बांधापलीकडे काठीला कागद लावून पाहिलं तर काही कळेल का?