आरतीच्या ताटातले पैसे मलावीला द्यायचे का?

ओव्याचं पान

मी बर्मिंगहॅमजवळ राहते. आमचं मंडळ लहान, तीस-पस्तीस घरांचं, आणि यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली आहे. गणपती आम्ही एका चर्चच्या हॉलमध्ये बसवतो. भाडं नावापुरतं. मोदकांचं मोठं पातेलं चढवायला शेगडी लागते, म्हणून पाद्रीबाईंनी स्वयंपाकघराची किल्ली आमच्याकडेच देऊन ठेवली आहे.

बर्मिंगहॅमच्या अँग्लिकन चर्चचं मलावीशी १९६६ पासून नातं आहे. या हॉलवाल्यांचीही तिथल्या गरीब कुटुंबांसाठी दरवर्षी वर्गणी असते. यंदा पाद्रीबाईंनी सहज विचारलं, "तुम्हीही येता का आमच्याबरोबर?"

आरतीचं ताट, मिसळीचा स्टॉल आणि मुलांच्या लेझीमची तिकिटं मिळून खर्च जाता २,१४० पौंड उरलेत. एरवी हे पैसे मराठवाड्यातल्या एका वसतिगृहाला जातात. बैठकीत दोन तास नुसती हमरीतुमरी. एक काका चहा न घेता उठून गेले, आणि आमच्या मंडळात चहा न घेता कोणी जात नाही.

माझं मत द्यावेत असं आहे. मलावीला जाऊन आलेल्या एका बाईंनी सांगितलेलं डोक्यातून जात नाही. जानेवारी ते मार्च तिथे घरातला मका संपलेला असतो. आपल्याकडे आखाडात कणग्या रिकाम्या व्हायच्या, तसंच. मग घरातली माणसं दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात, त्याला तिथे 'गन्यू' म्हणतात. नेमकी तेव्हाच स्वतःच्या रानात खुरपणी करायची असते. आजच्या नसिमासाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, पुढच्या वर्षीचं पीक तणात सोडून जायचं. आपण काय वेगळं केलं असतं?

बोला. फक्त "आधी आपलं बघा" एवढंच लिहू नका. का ते लिहा.

वऱ्हाडी ठेचा

ताई, राग मानू नका, पण मी तेच लिहिणार आहे. आणि का तेही सांगतो.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी यवतमाळचा. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. नवऱ्यानं औषध घेतलं त्याला सात वर्षं झाली. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्याच्या घराला सरकार २००६ पासून एक लाख रुपये देतं. आकडा तेव्हाही एक लाख, आजही एक लाख. तेही केस 'पात्र' ठरली तर. काकूंच्या घरचं कर्ज खासगी माणसाकडचं, कागद नाही, चिठ्ठी नाही. तहसीलमधून शिक्का आला, अपात्र. मेलेला माणूस अपात्र! मुलगी आता नर्सिंगला आहे अन् खानावळीचे पैसे थकलेत.

मलावीसाठी साऱ्या जगातल्या संस्था आहेत. या काकूंसाठी कोण आहे? तुमच्या ताटात जे पैसे पडले ते गणपतीसमोर पडले, मराठी माणसानं टाकले. ते टाकताना त्याच्या मनात आफ्रिका नव्हती.

चौथी सीट

ठेचाभाऊ, काकूंचं वाचून गलबलून आलं. पण "साऱ्या जगातल्या संस्था आहेत" हे विदर्भाबद्दलही म्हणता येईल. २००६ च्या जुलैत पंतप्रधान स्वतः आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २०१५ मध्ये नाना पाटेकर-मकरंद अनासपुरेंचं 'नाम' सुरू झालं. पैसा आला, चर्चा झाली, तरी काकू राहिल्याच ना? म्हणजे अडचण पैसा कोणत्या देशात जातो ही नाही, तो त्या घराच्या हातात पडतो की नाही ही आहे.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ मलावीच्या दक्षिणेत शिरलं. मक्याच्या काढणीला महिना-दीड महिना राहिलेला. हातातोंडाशी आलेलं पीक आणि मातीची घरं एकदमच गेली, पाच लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या सरकारने क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, मोठं अवमूल्यन केलं, आणि पुढच्या हंगामात पाऊसच नाही. आपल्याला यातलं काय ठाऊक होतं? मला तरी नव्हतं.

मिलो खाल्लेला

मी ७४ वर्षांचा आहे. ७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात खडी फोडायच्या कामावर होतो. त्यामुळे या विषयात तुमच्यापैकी बहुतेकांच्या उलट्या बाजूला उभा आहे. तुम्ही ताट फिरवणारे, मी ताटातलं खाल्लेला.

आम्हाला अमेरिकेचा मिलो मिळायचा. लालसर ज्वारी, भाकरी थापायला गेलं की चिरे पडायचे. पोरं तिला नाक मुरडायची आणि आई म्हणायची, खा, सातासमुद्रापलीकडून आलीय. कामावर सुकडी वाटायचे. सुकडीचा वास मला अजून आवडतो. माझी बायको हसते, भूक लागली असेल म्हणून आवडली असेल म्हणते. असेलही.

तेव्हा अमेरिकेतही कोणी म्हणालंच असेल की आधी आपलं बघा. त्याचं ऐकलं नाही म्हणून मी हे लिहितोय. बाकी ज्याला जिथे द्यायचं तिथे द्या.

आडवा प्रश्न

काका, नमस्कार. पण एक आठवण करून देतो. मिलो काय किंवा गहू काय, अमेरिकेच्या कोठारात जास्तीचं झालेलं धान्य होतं आणि त्या मदतीला राजकारणाचा लगाम होता. त्याच गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं आपल्याकडे अजून म्हणतात. देणाऱ्याचा हेतू तपासायचाच नाही का?

आता ओव्याताई, तुमच्या पाद्रीबाई कितीही चांगल्या असोत, वर्गणी चर्चची आहे. तिथे धान्याबरोबर आणखी काय वाटलं जातं हे तुम्ही विचारलंत? गणपतीच्या ताटातला पैसा धर्मप्रचाराला गेला तर उठून गेलेले काका बरोबर ठरतील.

मोडी वाचणारी

हा वाद आपल्याकडे एकदा होऊन गेला आहे, तोही पुण्यात.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला पंडिता रमाबाईंच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि दहा वर्षं पैसे पाठवायचं ठरलं. खुद्द रमाबाई सोडल्या तर त्यांनी मराठी विधवा क्वचितच पाहिली असेल. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं, मग ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतरावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'ने काय लिहिलं ते सांगायला नको. तेव्हा आडवा प्रश्न, तुमची शंका खोटी नाही, ती जुनी आहे.

पण त्याच सदनात गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकत होती. १८९३ मध्येच तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. पुढच्या आनंदीबाई कर्वे त्या. खुद्द अण्णा कर्वे डिसेंबर १९३० मध्ये भारतातल्या स्त्रियांच्या कामाबद्दल सांगायला आफ्रिकेत गेले. मोम्बासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत, पंधरा महिने. सत्तरी ओलांडलेला माणूस! अशा काही दौऱ्यांत त्यांनी आपल्या महिला विद्यापीठासाठी निधीही जमवला. आफ्रिकेत झोळी घेऊन आपण जाऊन आलोय, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

आडवा प्रश्न

इतिहास छान. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही. विचारलं का पाद्रीबाईंना?

ओव्याचं पान

विचारलं. आजच. त्या म्हणाल्या, यादी गावातले लोक करतात आणि त्यात मुसलमान घरंही आहेत. हिशेबाचा कागद द्यायलाही तयार आहेत. कागद पाहिल्याशिवाय मी होय म्हणणार नाही हे त्यांना सांगितलं. त्यांना राग आला नाही, उलट म्हणाल्या की त्यांच्याही समितीत हाच प्रश्न विचारणारे एक आजोबा आहेत.

एक राहिलं. त्यांच्या फळ्यावर शेळ्यांची कार्डं आहेत. अमुक पौंडांत एका कुटुंबाला एक शेळी. आमच्या मुलांना ते फार आवडलं, माझ्या लेकीने शेळीला नावही ठेवून टाकलं. शेळी द्यावी की रोख?

माणदेशी लेंडी

आता माझ्या विषयावर आलात. सांगोल्याकडे माझ्या ४० शेळ्या आहेत, सगळ्या उस्मानाबादी.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते खरं आहे. उस्मानाबादी असली तर जुळी करडं घालते, दोन वर्षांत घर सावरतं. पण कार्डावर नसतं ते सांगतो. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या रोगाची, साथ आली की आठवड्यात गोठा रिकामा होतो. लस कोण टोचणार? डॉक्टर किती कोसांवर? चारा कुठला? जिच्या घरात मार्चपर्यंत पोरांना खायला नाही ती बाई शेळी पाळेल की विकेल? विकेलच, आणि तिने विकावीच. मग फोटोतली शेळी कुठे गेली म्हणून साहेब विचारायला येणार.

२००६ च्या पॅकेजमध्ये विदर्भात गायी वाटल्या होत्या. मोठ्या जातीच्या, दुधाळ. ज्याच्याकडे स्वतःला पुरेना त्याच्या दावणीला पेंड खाणारी गाय. लोकांनी हात जोडले, घेऊन जा म्हणाले. ठेचाभाऊंना ठाऊक असेल.

वऱ्हाडी ठेचा

ठाऊक म्हणजे? आमच्या मामाकडे आली होती. गाय माणसापेक्षा जास्त खायची. मामी म्हणे, ही सरकारनं दिलेली सवत आहे. शेवटी पडत्या भावात विकली, कर्जाचा हिस्सा राहिलाच.

चौथी सीट

शेळीचं उत्तर बांगलादेशात सापडतं. तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेने २००२ पासून अतिगरीब घरांसाठी जी रीत बसवली तिच्यात जनावर एकटं येत नाही. सोबत काही महिने घरखर्चाला पैसे, जनावर सांभाळायचं शिक्षण, बचतीची सवय आणि दर आठवड्याला कोणीतरी घरी येऊन विचारपूस. भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, पेरू, होंडुरास अशा सहा देशांत १०,००० हून जास्त घरांवर ते तपासलं गेलं, निकाल २०१५ मध्ये छापून आले. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही घरं वर राहिली. त्या अभ्यासात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी होते (आई पाटणकरांच्या, म्हणून अर्धे आपले, असं म्हणायची आपली पद्धत आहेच).

दुसरा रस्ता थेट रोख. केनियाच्या रारिएदा भागात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने गवती छपराची घरं निवडून मोबाईलवर पैसे टाकले. बऱ्याच लोकांनी काय केलं असेल? गवत काढून पत्रे घातले. गवत दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं, पत्रा टिकतो. दारूचा खर्च वाढला नाही, हे २०१६ च्या शोधनिबंधात आहे. ज्या घरात पाऊस गळतो त्या घरातल्या बाईला काय हवं हे कार्ड छापणाऱ्यापेक्षा तिला जास्त कळतं.

आडवा प्रश्न

त्याच संस्थेचे काँगोमध्ये सुमारे ९ लाख डॉलर त्यांच्याच माणसांनी लांबवले, तेही सांगा की. आणि तीन वर्षांनंतरच्या पाहणीत फायदा किती टिकला यावरून अर्थशास्त्रज्ञांतच जुंपली होती.

चौथी सीट

खरं आहे. लांबवल्याचं २०२३ मध्ये संस्थेने स्वतःच जाहीर केलं. आपल्या मंडळांचे जमाखर्च असे जाहीर होतात का, हा वेगळा धागा काढावा लागेल.

कागदपत्री

सीएच्या चष्म्यातून थोडं रूक्ष. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून भारतातल्या संस्थेला परदेशी देणगी फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येते. तिने ती दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही. नव्याने नोंदणी हवी असेल तर तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवायला लागतो. गावातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाला हे जमणार नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ब्रिटिश पासपोर्टवाल्याचे पैसे, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी, परदेशीच. ताटातल्या नोटेवर पासपोर्ट छापलेला नसतो.

म्हणून ओव्याताई, तुमचं वसतिगृह नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. आणि ब्रिटनमधल्या नोंदणीकृत चॅरिटीला करदात्याने स्वतःच्या नावाने दिलं तर गिफ्ट एडमुळे पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून वर मिळतात.

हळदीकुंकू नको

फोटोचं बोला कोणीतरी. माझ्या आईला एका कार्यक्रमात स्टेजवर बोलावून पुठ्ठ्याचा धनादेश हातात दिला होता. आईएवढा उंच. त्यावर १०,००० लिहिलेलं आणि मागे पाहुण्यांचे फेटे. खरा धनादेश तीन महिन्यांनी आला. तो फोटो पेपरात छापून आला आणि माझ्या वर्गात सगळ्यांनी पाहिला. मी तेव्हा आठवीत.

मलावीला द्या नाहीतर यवतमाळला द्या. फळ्यावर कोणाच्या आईचा फोटो लावू नका.

ओव्याचं पान

हळदीकुंकू, तुमचं वाचून चर्चच्या फळ्याकडे परत जाऊन पाहिलं. शेळ्यांच्या कार्डांखाली एका बाईंचा फोटो आहे. नाव नाही. पाद्रीबाईंशी बोलले, त्या काढणार आहेत.

काल रात्री पुन्हा बैठक झाली. उठून गेलेले काका आले, चहाही घेतला. ठेचाभाऊंचा एक मुद्दा सगळ्यांना पटला, मलाही: ताटात टाकणाऱ्याला विचारलेलं नव्हतं. म्हणून ताटातले आणि लेझीमचे १,३०० पौंड ठरल्याप्रमाणे वसतिगृहाला. त्यांच्या नोंदणीचा कागद मागवला आहे, आत्तापर्यंत कोणी मागितलाच नव्हता. स्टॉलचे ८४० तूर्त मंडळाकडेच. मलावीसाठी दिवाळीआधी हॉलमध्ये वेगळा वडापावचा स्टॉल लावायचा, वर पाटी लावून, म्हणजे देणाऱ्याला कळेल. पैसे रोख वाटायचे, शेळी नाही. लेक रुसली आहे.

ठेचाभाऊ, काकूंच्या मुलीची खानावळ मंडळाच्या नावाने नको, कागदपत्रींनी घाबरवलं आहे. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. खानावळीचं नाव आणि किती थकलेत ते निरोपात कळवा, काकूंना विचारून.

वऱ्हाडी ठेचा

विचारतो. पण मलावीचं मला अजूनही पटलेलं नाही, लिहून ठेवा.

आणि वडापावसोबत ठेचा ठेवणार असाल तर मिरची तव्यावर भाजून घ्या अन् ठेचा. मिक्सरमध्ये फिरवाल तर पाटीवर माझं नाव घालू नका.