गिल्ड वॉर्स २: लेव्हल वाढत असताना चिलखताचे रूप एकसारखे कसे राखावे?

निळावंती (प्रश्न)

नमस्कार. गेले दोन महिने मी हा ऑनलाइन भूमिका-खेळ खेळते आहे आणि माझी मानववंशीय गार्डियन (जड चिलखत घालणारी योद्धा) आता ६४ व्या लेव्हलला पोहोचली आहे. तिची एक प्रतिमा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे: वापरून मंद झालेले साधे पोलाद, त्याखाली गडद निळे कापड आणि फक्त कडांना सोनेरी रेघ. प्रत्यक्षात मात्र दर दोन-तीन लेव्हलनंतर अधिक चांगल्या आकड्यांचा (म्हणजे जास्त ताकद आणि संरक्षण देणारा) एखादा भाग हाती येतो, तो घालावाच लागतो, आणि मग टोकदार लाल खांद्यांखाली हिरवट रंगाचे सपाट छातीचे चिलखत अशी विजोड जोडणी होऊन बसते.

२९ व्या लेव्हलला मी सहाही भागांवर आवडीच्या स्किन (म्हणजे चिलखताची बाह्य रूपे) चढवल्या आणि त्यात सहा ट्रान्सम्यूटेशन चार्ज (रूप बदलताना खर्च होणारी वस्तू) गेले. आठवड्याभरात नवे चिलखत मिळाले, तेव्हा ते सगळे रूप जुन्या भागांबरोबरच गेल्याचे लक्षात आले. एकदा चढवलेली स्किन कायम राहते अशी माझी समजूत होती. पुढे आणखी पाच चार्ज खर्च केले आणि तेच पुन्हा घडले. आता माझ्याकडे तीन चार्ज उरले आहेत. ८० व्या म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत हे असेच चालू द्यावे, की जेम (खेळातले एक चलन) देऊन एखादा आउटफिट (संपूर्ण तयार पोशाख) घ्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटवाट

आपली अडचण बहुतेक नवख्या खेळाडूंना येते, कारण या खेळात रंग आणि स्किन यांचे नियम वेगळे आहेत आणि ते कोणी एकत्र समजावून सांगत नाही. स्किन त्या विशिष्ट वस्तूवर चढते; वस्तू बदलली की स्किन तिच्यासोबत जाते आणि नव्या वस्तूवर ती पुन्हा चढवायला पुन्हा एक चार्ज लागतो. रंग मात्र कॅरेक्टरच्या त्या जागेवर लागतो. छातीच्या जागी आपण निळा निवडला असेल, तर उद्या तिथे कोणतेही चिलखत आले तरी ते निळे होऊनच येते. शिवाय एकदा अनलॉक झालेला डाय, म्हणजे रंग, कितीही वेळा लावा, त्याला काहीच खर्च नाही.

त्यामुळे उरलेले तीन चार्ज ८० व्या लेव्हलपर्यंत हात न लावता ठेवावेत आणि तोवर सगळा भर रंगांवर द्यावा. आपल्या मनातले तीन रंग ठरवून ते सहाही जागी लावले, तर वेगवेगळ्या घडणीचे भागही एकाच कारागिराच्या हातचे वाटू लागतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: प्रत्येक भागावर रंगांचे जास्तीत जास्त चार रकाने असतात, आणि पहिला रकाना एका स्किनमध्ये धातूचा असला तर दुसऱ्या स्किनमध्ये तो कापडाचा निघू शकतो. नवा भाग घातला की डायचे पान उघडून रकान्यांची अदलाबदल करून घ्यावी. तेवढ्या कामाला मिनिटभर पुरते.

शिरस्त्राण, खांदे आणि हातमोजे हे भाग विनामूल्य लपवता येतात, हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आपले ते टोकदार लाल खांदे आजच लपवून टाकावेत.

जुना_पहारेकरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी पूर्वी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा अशाच प्रकारचा ऑनलाइन खेळ खेळत असे, म्हणून थोडी तुलना मांडतो. तिथे चिलखताचे रूप बदलण्याची सोय २०११ च्या अखेरीस, ४.३ या पॅचमध्ये (अद्यतनात) आली. त्याआधी ज्याचे आकडे चांगले तेच अंगावर घेऊन फिरावे लागे. सोय आल्यावरही ज्या वस्तूचे रूप हवे ती वस्तू प्रत्यक्ष जपून ठेवावी लागत असे, आणि माझ्या बँकेचे कप्पे केवळ देखण्या पण निरुपयोगी चिलखतांनी भरलेले असत. २०१६ च्या लीजन या विस्तारापासून रूपांचा संग्रह खात्यावर नोंदवला जाऊ लागला आणि ती साठवण संपली.

गिल्ड वॉर्स २ मध्ये असाच वॉर्डरोब, म्हणजे रूपांचा संग्रह, एप्रिल २०१४ मध्ये आला, आणि त्याच वेळी डायही एका कॅरेक्टरपुरते न राहता संपूर्ण खात्याचे झाले. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की जे चिलखत आपण एकदा घातले किंवा मोडून साहित्य काढले त्याची स्किन वॉर्डरोबमध्ये कायमची जमा झाली आहे. आपण गमावले ते चार्ज. २९ व्या लेव्हलच्या त्या सहाही स्किन आजही तुमच्याकडेच आहेत. हीरो पॅनेलमधला वॉर्डरोब उघडून पाहावा, तिथे त्या दिसतील.

रंगरेषा

आउटफिटच्या मुद्द्यावर मला स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते, कारण इथे घाई झाली तर पुढे हळहळ वाटते. आउटफिट सहाही भाग एकदम झाकतो, त्याला चार्ज लागत नाही आणि चिलखत कितीही बदलले तरी तो तसाच राहतो, हे खरे. परंतु त्यातले खांदे वेगळे, पायातले बूट वेगळे असे काहीच जमवता येत नाही, आणि आपण वर्णन केलेले रूप हे मुळात जमवाजमवीतूनच उभे राहणारे आहे. ज्या व्यक्तीला कडेची सोनेरी रेघ कुठे हवी हे ठाऊक आहे, तिने तयार पोशाखावर समाधान मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रंगांविषयी. या खेळात एकच डाय कापडावर, चामड्यावर आणि धातूवर निरनिराळा दिसतो. कापडावर जो निळा शाईसारखा गडद आणि शांत उतरतो, तोच पत्र्यावर चकाकतो आणि कित्येकदा एक-दोन छटा उजळ भासतो. म्हणून डायच्या पानावरच्या छोट्या चौकोनाकडे पाहून रंग ठरवू नये, तो अंगावर लावूनच पारखावा. आपल्या पोलादासाठी आयर्न किंवा ओल्ड निकेल आणि कडांसाठी अँटिक गोल्ड हे डाय पाहावेत. सेलेस्टियल आणि अबिस या नामांकित पांढऱ्या-काळ्या डायच्या मागे लागून सोने खर्च करण्याची आपल्याला काहीच गरज नाही.

शेवटचे म्हणजे, गार्डियनच्या कौशल्यांमधून निळ्या ज्वाळा निघतात. छातीपासून पायापर्यंत सगळेच निळे केले तर लढाईत ज्वाळा आणि चिलखत एकमेकांत विरघळून जातात. निळा कंबरेखालच्या कापडापुरता ठेवून वरचे पोलाद राखाडी राहू दिले, की त्याच ज्वाळा त्या राखाडीवर फार सुंदर उठून दिसतात. माझ्या स्वतःच्या गार्डियनवर हे मी दीड वर्ष पाहते आहे आणि अजून रंग बदलावासा वाटलेला नाही.

निळावंती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री खांदे लपवले, छातीला आयर्न आणि पायघोळ कापडाला गडद निळा लावला. त्यानंतर खेळातल्या संध्याकाळच्या उजेडात क्वीन्सडेल या भागातल्या शेतांमधून नुसती चालत गेले, आणि दोन महिन्यांत प्रथमच ती मला माझी वाटली. आउटफिटचा विचार सोडून दिला आहे. आता एकच शंका: ८० व्या लेव्हलला पोहोचताच चार्ज वापरावेत का, आणि कमी पडणारे तीन चार्ज कुठून मिळवावेत?

घाटवाट

पोहोचताच वापरू नयेत. आधी एक्झॉटिक या वरच्या दर्जाचा पूर्ण संच आणि त्याचे आकडे पक्के करावेत, कारण आकड्यांसाठी संच बदलला तर चार्ज पुन्हा जातील. चार्जसाठी डिव्हिनिटीज रीचसारख्या शहरांचे नकाशे पूर्ण करावेत. तिथे लढावे लागत नाही, फक्त हिंडावे लागते. पीव्हीपीच्या (खेळाडूंमधल्या लढतींच्या) रिवॉर्ड ट्रॅकमधूनही, म्हणजे टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या बक्षिसांच्या मालिकेतूनही, चार्ज मिळतात आणि त्याच ट्रॅकमधून डंजनमधल्या (गटाने खेळायच्या मोहिमांमधल्या) चिलखतांच्या स्किनही अनलॉक होतात, तेव्हा साध्या पोलादी घडणीचा एखादा संच प्रिव्ह्यूमध्ये पाहून तोच ट्रॅक आधी निवडावा.