मदत हवी आहे: शिबिराच्या डेटावर के किती ठेवू? (तातडीचं)

घाईत_इंदूरकर:
आरोग्य शिबिरांचा डेटा आहे. के-मीन्स (सारख्या नोंदींचे आपोआप गट पाडणारी पद्धत, के म्हणजे किती गट) लावलं की एक अवाढव्य गट होतो, बाकीच्यांत मूठभर माणसं. के ३ ठेवा नाहीतर ५, तेच रडगाणं. एल्बोच्या आलेखात रेघ जिथे वाकते तो के घ्यायचा म्हणतात, पण ते कोपर कुठे दिसतच नाही. सोमवारी सरांना दाखवायचंय. के सांगा फक्त.

रात्रपाळी:
कॉलम कोणते? स्केलिंग केलंय, म्हणजे सगळे कॉलम एका मापात आणलेत? पेशंट आयडी तर आत गेला नाही ना?

घाईत_इंदूरकर:
नेहमीचेच. वय, उंची, वजन, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी).

रात्रपाळी:
स्केलिंगचं उत्तर गाळलंत. के-मीन्स अंतराचा वर्ग धरतं. ट्रायग्लिसराइड कुणाचं ९०, कुणाचं ९००. त्यापुढे वय काय बोलणार? ते मूठभर लोक उघडून बघा, सगळे ट्रायग्लिसराइडवाले निघतील. त्याचा लॉग घ्या म्हणजे मोठे आकडे आवळतील, मग सगळ्याच कॉलमना स्टँडर्डस्केलर लावा.

घनता_प्रेमी:
के-मीन्स सोडाच. डीबीस्कॅन दाटीवरून गट पाडतं, त्याला के लागतच नाही.

रात्रपाळी:
आणि एप्सिलॉन, म्हणजे किती अंतरापर्यंत शेजारी धरायचा ते, कोण सांगणार? दर धाग्यावर डीबीस्कॅन विकता तुम्ही.

घनता_प्रेमी:
विकतोय कुठे, फुकट आहे. टोकाच्या नोंदी ते बाजूला काढतं; तुमचं के-मीन्स त्यांनाच वेगळा गट देऊन बसवतं.

पेन्शनर_सुदामानगर:
मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी चावून खा. मी रोज खातो.

रात्रपाळी:
काका, शुगर त्यांची नाही, डेटातली आहे.

पॅथॉलॉजीवाली:
शुगर उपाशीपोटीची की कधीचीही?

घाईत_इंदूरकर:
शिबिरात उपाशी कोण येतं ताई? इंदूर आहे हे. निम्मे पोहे-जिलबी हाणूनच येतात.

पॅथॉलॉजीवाली:
मग गट पडतील ते खाऊन आलेले आणि न खाता आलेले. एचबीए१सी केलं असेल तर ते घ्या, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज येतो, सकाळच्या जिलबीने हलत नाही. २०१८ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात मधुमेहींचे पाच गट पाडले होते. त्यात निदानाच्या वेळचं वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), एचबीए१सी, जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशींवर उलटल्याची खूण) आणि इन्सुलिनचे दोन निर्देशांक घेतले होते. २०२० मध्ये चेन्नईच्या डॉ. अंजना, डॉ. मोहन वगैरेंनी भारतीय रुग्णांचा डेटा घेतला, कॉलमही थोडे वेगळे होते, तर चार गट आले. दोन्हीकडे रुग्ण आधीच मधुमेही. तुमच्या शिबिरात तर धडधाकट लोकही रांगेत असणार.

पेन्शनर_सुदामानगर:
पोहे कुठले, छप्पन दुकानवरचे का? हल्ली त्यावरचा जिरावण मसाला पूर्वीसारखा राहिला नाही.

घाईत_इंदूरकर:
एचबीए१सी नाहीये. शुगर काढली, लॉग घेतला, स्केल केलं. आता दोन बरोबरीचे गट आले. झालं ना?

रात्रपाळी:
एकात बायका, एकात पुरुष असं नाही ना?

घाईत_इंदूरकर:
स्त्री-पुरुष कॉलम दिलेलाच नाही.

रात्रपाळी:
उंची दिलीय की! तिच्यावरूनच बायका-पुरुष वेगळे पडतात. बीएमआय काढा, उंची-वजन वगळा. गट आणि स्त्री-पुरुष यांचा क्रॉसटॅब (कुठल्या गटात कोण किती, तो तक्ता) इथे टाका, शिबिराच्या जागेचाही. रँडम स्टेट (सुरुवात कुठून ते ठरवणारा आकडा) बदलून तेच लोक एकत्र राहतात का तेही बघा.

घाईत_इंदूरकर:
जागेचा कॉलम मित्राकडच्या फाइलमध्ये आहे. फोन उचलत नाहीये तो.