शब्दचर्चा: ‘हायपॉक्सिया’ला मराठीत काय म्हणावं?

शाईचा डाग: मंडळी, कर्करोगाच्या गाठीत शिरणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘हायपॉक्सिया’पाशी (शरीरात ऑक्सिजन कमी पडणं) अडकलेय. पहिल्या खर्ड्यात ‘अल्पप्राणता’ लिहून स्वतःवरच खूश झाले होते. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, “म्हणजे क, ग, च, ज का?” झालं! अल्पप्राण-महाप्राण व्याकरणानं आधीच अडवून ठेवलेत. वाक्य असं आहे: ‘हायपॉक्सियामुळे टी-पेशी गुदमरतात.’ (टी-पेशी म्हणजे गाठीवर मारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी.) काय लिहू?

सरळमार्गी: ‘प्राणवायूची कमतरता’ लिहा की. शेंबड्या पोरालाही कळेल.

काचनळी: कळेल, पण कमतर कशापेक्षा? हवेत ऑक्सिजन २१ टक्के. फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून ऊतींत (एकाच कामाच्या पेशींच्या समूहांत) पोचेपर्यंत बहुतेक अवयवांत तो ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास उतरतो. पेशींचं ते रोजचं जेवण आहे, उपास नव्हे. गाठीच्या गाभ्यात मात्र तो १ टक्क्याच्याही खाली जाऊ शकतो. गंमत म्हणजे आम्ही प्रयोगशाळेत टी-पेशी वाढवतो त्या जवळपास बाहेरच्या हवेइतक्या ऑक्सिजनमध्ये. त्यांना रोजच मेजवानी, आणि आम्ही म्हणतो ही ‘सामान्य’ स्थिती.

आणखी एक. बोटाला चिमटा लावून आपण बघतो तो रक्तातला ऑक्सिजन. तो कमी झाला की हायपॉक्सिमिया. ऊतींतला कमी झाला की हायपॉक्सिया. मुळीच नसला तर अनॉक्सिया. चिमटा ९८ दाखवत असतानाही एखादी गाठ आतून उपाशी असू शकते. ‘कमतरता’ म्हटलं की हे तिन्ही एकाच पोत्यात जातात.

चिंचबोर: मग ‘तुटवडा’ घ्या. कमतरता मापावरून ठरते, तुटवडा मागणीवरून. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, ऑक्सिजन ओढतात, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या. पुरवठा पुरत नाही.

सरळमार्गी: २०२१ नंतर ‘ऑक्सिजनचा तुटवडा’ म्हटलं की मला टँकर आणि सिलिंडरच्या रांगा दिसतात.

चिंचबोर: मलाही. म्हणून तर मागे ‘ऊतींतला’ लावायचं. ‘ऊतक’ नको बरं का, ते हिंदी.

शाईचा डाग: पटतंय. आणि ‘गुदमरतात’?

काचनळी: तो शब्द मला सर्वांत जास्त खटकला. गुदमरणारा माणूस हतबल असतो. पेशी बेत बदलते. पेशींत हिफ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असला की एक विकर (एन्झाइम) त्याच्यावर खूण करतं आणि काही मिनिटांत त्याची विल्हेवाट लागते. ही खूण करायलाच ऑक्सिजन लागतो. तो नसला की खूण नाही, हिफ टिकतं, केंद्रकात जातं आणि ऑक्सिजनवाचून साखर जाळण्याची, नव्या रक्तवाहिन्या मागवण्याची जनुकं चालू करतं. २०१९चं वैद्यकाचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं ते हे कोडं उलगडल्याबद्दल.

आता एखादं पिकलेलं गळू घ्या. ठसठसतंय, आत पू. पू म्हणजे बराचसा मेलेल्या आणि मरणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, खच. आत ऑक्सिजन जवळपास संपलेला, कारण रक्त नीट पोचत नाही आणि जमलेल्या पेशीही तो खाऊन टाकतात. या न्यूट्रोफिल पेशी मुळातच साखरेवर भागवणाऱ्या, त्यामुळे तिथं उलट जास्त काळ जगतात. पण जंतू मारायला त्या ऑक्सिजनपासून जी जहाल रसायनं बनवतात, तो भडका मंदावतो. म्हणजे शिपाई जिवंत, दारूगोळा ओला. याला गुदमरणं कसं म्हणणार?

टी-पेशींचं निराळं. गाठीतल्या पेशी साखर पळवतात, भोवती लॅक्टिक आम्ल साचतं, शिवाय ऑक्सिजन कमी असला की गाठीतल्या पेशींवर टी-पेशींना ब्रेक लावणारं एक प्रथिन वाढतं. त्या मरतातच असं नाही, पण मारा करत नाहीत.

चिंचबोर: ‘मरगळतात’?

काचनळी: हा चालेल! टी-पेशींपुरता. न्यूट्रोफिलला लावू नका, आणि महाभक्षी पेशींना (जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज) तर नकोच. उंदरांच्या महाभक्षी पेशींतून हिफ काढून टाकलं तर त्यांची ऊर्जा घटते आणि जंतू मारायची ताकद जाते. त्यांना या उपाशी जागेत लढायची सवयच आहे.

शाईचा डाग: मग असं करते: ‘गाठीच्या ऊतींतल्या प्राणवायूच्या तुटवड्यात टी-पेशी मरगळतात.’ पहिल्यांदा येताना शेजारी ‘म्हणजेच हायपॉक्सिया’, पुढे सगळीकडे नुसतं हायपॉक्सिया.

सरळमार्गी: ‘प्राणवायू’वर वैद्यबुवा हरकत घेतील. त्यांचा प्राण पाच वायूंपैकी एक.

शाईचा डाग: घेऊ देत. आत्ता सासऱ्यांना नवं वाक्य दाखवलं. ‘मरगळतात’वर मान डोलावली आणि विचारलं, “ऊतींतल्या, की ऊतींमधल्या?”